हौसाबाईंचं कोरं पान

गडब नाक्यावर वाल विकणाऱ्या हौसाबाईंचा जगावर विश्वास कमीच. दुकानातून आणलेली साखरही त्या घरी पुन्हा तराजूत टाकून पाहायच्या. धरमतरच्या जेटीवर माल उचलताना नवऱ्याची पाठ गेली, तेव्हापासून हायवेच्या कडेला बसून त्यांनी संसार ओढला. कधी गिऱ्हाइकाने फसवलं, कधी दलालाने. त्यातून ही सवय अंगात मुरली.

आता रस्ता रुंद झाला होता. गाड्या न थांबता सुसाट निघून जात आणि पोती संध्याकाळी तशीच घरी परतत. लोकांनी घरबसल्या वाल मागवले तरच धंदा टिकणार होता. म्हणून त्यांनी रोह्याच्या निशिगंधाला वेबसाइट करायला सांगितली. ही मुलगी आधी वाढदिवसाचे फ्लेक्स बनवायची.

निशिगंधाने मोबाइल पुढे धरला. पांढऱ्या पानावर ओंजळभर वाल, खाली दोन ओळी आणि फोन नंबर. बाकी सगळं मोकळं.

"बाकीचं कुठं हाय?"

"एवढंच आहे, मावशी."

"अर्धं पान कोरं सोडलंस! तुझ्या फ्लेक्सवर तर बोट ठेवायला जागा नसायची. माझ्या वेळेलाच हात आखडला व्हय गो?"

"मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय. त्यामुळे नजर थेट वालांवर जाते."

'मुद्दाम' म्हटल्यावर तर हौसाबाईंचा संशय पक्का झाला. काम टाळणारा माणूस असंच काहीतरी गोड बोलतो.

"देव, फुलं, सोनेरी पट्टी, माझा फोटो. समदं भर!"

निशिगंधाने वाद घातला नाही. लॅपटॉप उघडून तिने तिथेच दुसरं पान भरगच्च केलं. "आता दोन्ही पानं कोणालाही दाखवा. काय म्हणतात बघू."

कोणाला दाखवायचं? ओळखीची माणसं ही पोरगी आधीच पढवून आली असेल. विचार करता करता हौसाबाईंची नजर शेजारच्या चहाच्या टपरीवर गेली. टपरीवाल्या जितेशशी त्यांचं जागेवरून जुनं भांडण. हा काही आपल्या फायद्याचं बोलणार नाही. म्हणजे बोलेल ते खरं.

निशिगंधाने जितेशच्या हातात मोबाइल दिला. ती डोळ्यांनी खुणा करते का, यावर हौसाबाईंचं लक्ष होतं.

भरगच्च पान पाहून जितेश हसला. "वाढदिवस कोनाचा? म्हातारीचा?"

मग कोरं पान आलं. त्याचा अंगठा थांबला. "हे वाल हिचे? शक्यच नाय! दुसऱ्याच्या वालांचा फोटो काढला आसल." असं पुटपुटत त्याने खात्रीसाठी नंबर दाबला. हौसाबाईंच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

फोन वाजत राहिला. हौसाबाईंनी तो बाहेर काढून जितेशपुढे धरला.

जितेशने मोबाइल परत केला आणि हळूच विचारलं, "माझ्या टपरीचं पन करशील का गो पोरी?"

निशिगंधा हो म्हणणार, तोच हौसाबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"माझं कोरंच ऱ्हाऊ दे," त्या तिच्या कानाशी लागल्या. "आनि त्याचं करशील ना, तर चांगलं ठासून भर. बोटभर जागा सोडू नको!"