मान टाकणारा दिवा

गल्लीत बोलवा अशी, की मामा गेले तरी त्यांचं वेल्डिंग चालूच आहे. शेजारीण तर मामीकडे बोट दाखवून, डोळे मोठे करून सांगायची, "अहो, रोज दिवेलागणीला! हिच्या स्वयंपाकघरातला दिवा आपोआप मान टाकतो. माणूस गेला, हौस नाही गेली!"

सगळं खोटं. एक तर रोज नाही, मधूनमधून. आणि मामा नव्हे, फ्रिज. तो घरघरत सुरू झाला, की भिंतीतला वायरचा एक सैल जोड दम सोडायचा आणि दिवा मंदावायचा.

पण हे मामीला पटवणार कोण? तिचा निरोप्या तो दिवाच. मामा स्वयंपाकघरातल्या प्लगातून बारीक वायर ओढून मागच्या अंगणात वेल्डिंग करायचे. दिवा झुकला, की काम चालू. बराच वेळ सरळ राहिला, की "चहा टाक गं!" अशी हाक येणार. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मामांनी कधीच मोडून टाकली होती. भोकं दोन, तर पिना तीन कशाला? "काही होत नाही गं!"

शेवटच्या दिवशी दिवा बराच वेळ लखलखीत राहिला. मामीने चहा टाकला. हाक आलीच नाही. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली होती.

अर्धवट फाटक अंगणात तसंच उभं राहिलं. ते मामी पुरं करणार होती. वेल्डिंगचे टाके मारायला ती मामांकडूनच शिकली होती. म्हणून वायरमन आला. तोंडात स्क्रू धरून त्याने भिंतीतली पेटी उघडली.

"वहिनी, हा बघा जोड. वेल्डिंगच्या भाराने भाजून काळा ठिक्कर पडलाय. आग लागायची वाट बघताय का?"

म्हणजे एका अर्थी दिवा झुकवत होते ते मामाच.

"राहू दे ना थोडे दिवस," मामी पुटपुटली.

"राहू दे? मग घर राहायचं नाही!" स्क्रू तोंडातून पडला. "यंत्र लहान घ्या, मीटरला पेलेल असं. त्याला मेन बोर्डापासून थेट जाड वायर, स्वतंत्र ब्रेकर आणि पक्कं अर्थिंग. हा प्लग विसरा."

तेवढ्यात दारातून हाक आली, "चहा टाक गं!"

मामीच्या हातातलं फडकं गळालं. दारात भाची, म्हणजे अस्मादिक, खिदळत उभी. नकला करताना गल्लीत कुणाचा आवाज तिने सोडला नव्हता. हा मामांचा सगळ्यांत हुबेहूब.

मामी ओरडली नाही. तिने फडकं उचललं आणि दिव्याकडे बघितलं.

"पैज लाव," ती म्हणाली. "नवी लाइन टाकू. मी फाटक जोडते, तू दिवा बघ. झुकला, तर हे इथेच आहेत. हवा तितका आवाज काढ. नाही झुकला, तर ह्यांचा आवाज पुन्हा काढायचा नाही."

"झुकणारच! मामा असे सोडून जातात होय?"

जोड बदलला, लाइन आली. अंगणात चरचर सुरू झाली. निळा उजेड खिडकीतून भिंतीवर उड्या मारू लागला. भाची दिव्याखाली मान वर करून उभी. दिवा ढिम्म. फ्रिज घरघरला, तरी ढिम्म.

तोंडावरची काच वर सारून मामी दारात आली. "झुकला?"

भाचीच्या जिभेवर खोटं तयार होतं. तेही मामांच्या आवाजात.

"नाही."

"मग हरलीस," मामी म्हणाली. पण जिंकल्यासारखी नाही.

फाटक गिऱ्हाइकाकडे गेलं, दुसरी कामं आली. अजूनही दिवेलागणीला मामी कधीतरी दिव्याकडे बघते, मग भाचीकडे. नुसतीच बघते. भाची ओठ घट्ट मिटून घेते. हरली ती हरली.