गालातला घास

दुपारचे अडीच वाजलेत आणि महानंदाच्या तोंडात भाकरीचा एक घास आहे. ती जेवते आहे असं मात्र कुणी समजू नये. शेजारच्या कौशल्यावैनी ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन आल्या, पुढ्यात ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढा एक घास घे, मग मी उठते." म्हणून तो घास तोंडात गेला. वैनी उठून गेल्या. घास गालातच राहिला. तो गिळवत नाही, आणि अन्न थुंकून टाकणं महानंदाला जन्मात जमलेलं नाही. ती तशीच चटईवर कलंडते. ताट उशाशी असतं.

मागच्या दाराच्या उंबऱ्याला पाठ लावून रावसाहेब पडलाय. रावसाहेब म्हणजे कुत्रा. रंग कधीकाळी तांबडा असेल, आता राखाडी आहे. तोंडात दात एकही नाही. नगरपालिकेच्या कोंडवाड्यातून अप्पांनी त्याला आणला, तेव्हा त्याची चाल बघून महानंदाच म्हणाली होती, "जावईबापू आल्यासारखा चाललाय बघा." त्यावरून अप्पांनी नाव ठेवलं, रावसाहेब.

मन्मथअप्पा तिचा नवरा. तीस वर्षं गावाला पाणी सोडायचं काम केलं. लांब दांड्याची चावी सायकलला बांधायची आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचं. पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशीच कोंडवाडा. पूर्वी तिथे मोकाट गुरं कोंडत, पुढे कुत्रीही ठेवू लागले. घरात म्हातारं झालेलं, डोळ्यांनी अधू झालेलं, भुंकायचं विसरलेलं कुत्रं लोक पहाटे फाटकाला बांधून जात. पिल्लू दिसलं की कुणीतरी उचलून नेतं. म्हाताऱ्याला कोण नेणार? अप्पा न्यायचे. महिना-दोन महिने घरी ठेवायचं, जखमा भरून आणायच्या, खायला लावायचं आणि मग त्याच्यासाठी घर शोधत सायकलवरून पंचक्रोशी पालथी घालायची. "कुठं निघालात?" असं विचारलं की म्हणायचे, "स्थळ बघायला." दिवाणजी नावाचं एक आंधळं कुत्रं त्यांनी असंच एका कोंबडीवाल्याकडे दिलं. मास्तरीण एका निवृत्त नर्सबाईंकडे गेली. महानंदा कटकट करायची, पण पाठवणीच्या दिवशी डोळे तिचेच भरून यायचे.

अप्पांची माती होऊन आज तेवीस दिवस झाले. पहिले काही दिवस रावसाहेब ताकाला जीभ तरी लावायचा. आता चार दिवस झाले, तेही नाही. तिने दुधात भाकरी कुस्करून ठेवली, मऊ भात ठेवला, खिचडी ठेवली. तो हुंगतो, तिच्याकडे बघतो आणि तोंड फिरवतो. तिच्याच्याने ते बघवेना. आज सकाळी तिने कोंडवाड्याच्या गफूर मुकादमाला फोन केला. "घेऊन जा याला. माझ्या दारात नको मरायला." मुकादम म्हणाला, "ऊन उतरलं की येतो, भाभी." तिकडे नेलं की हे कुत्रं दोन दिवससुद्धा काढणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि तिलाही.

पण तिला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. अप्पा गेले त्याच्या आधीचे नऊ दिवस ती त्यांच्याशी बोललीच नव्हती.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी तिच्या गळ्याची शपथ घेऊन तंबाखू सोडली होती. आणि एके दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ते दिसले. परसात, तिच्याकडे पाठ करून बसलेले, एक गाल फुगलेला. "काय खाताय?" ती ओरडली. ते दचकले, उत्तर दिलं नाही, नुसता हात हलवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तिने तोंडाला कुलूप लावलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, शब्द नाही. दहाव्या दिवशी सकाळी ते न्हाणीघराच्या दारात बसले ते बसलेच.

डोळा कधी लागतो ते तिला कळत नाही. कळतो तो नळाचा आवाज. आज पाण्याचा वार नाही, तरी नळ वाहतो आहे. "कुणी सोडलं पाणी?" असं म्हणत ती उठते. स्वयंपाकघरात चुलीच्या जागी जमिनीत चौकोनी खड्डा आहे आणि त्यात व्हॉल्व्ह. वर अप्पा वाकलेले, लांब चावी फिरवताहेत. अंगात तोच खाकी शर्ट आहे. कोपराला तिनेच लावलेलं ठिगळ आहे.

"काय बघायलीस?" ते वर न बघता म्हणतात. "बादली लाव की. वाया चाललंय."

ती बादली लावते. इतक्या दिवसांनी भेटले आणि पहिलं वाक्य बादलीचं. तिला राग येतो आणि बरंही वाटतं.

"तुम्ही गेला होतात ना?" ती विचारते.

"गेलोच की."

"मग?"

"पाणी सोडायचं राहिलं होतं."

ते चावी खांद्यावर टाकतात आणि मागच्या दाराने बाहेर पडतात. तीही मागोमाग उंबरा ओलांडते. परसाच्या जागी कोंडवाड्यातला लांब बोळ आहे. दोन्ही बाजूंना पिंजरे. पण गजांच्या आत तिच्या घरातलं सामान आहे. एकात तिची मांडणी, एकात शिलाईचं मशीन, एकात लग्नातला मोठा हंडा. प्रत्येक वस्तूजवळ एकेक म्हातारं कुत्रं बसलंय. हंड्याजवळ दिवाणजी. मशीनच्या पायडलवर मान टेकून मास्तरीण. कुणी भुंकत नाही. सगळी अप्पांकडे बघताहेत.

"ही अजून इथंच?" ती विचारते. "तुम्ही तर घरं बघून दिली होती."

"दिली की. ही नुसती भेटायला आलीत." अप्पा मास्तरणीच्या कानामागे खाजवतात. "रावसाहेब कुठाय?"

ती मागे वळून उंबऱ्याकडे बघते.

"जेवला का तो?"

"नाही."

"कधीपास्नं?"

"चार दिवस." मग तिचा संयम सुटतो. "आल्यापासून कुत्र्याचंच विचारताय! मी जेवले का, ते विचारा की एकदा!"

बोळ संपतो. समोर परस आहे, नेहमीचं, कढीपत्त्याचं झाड आणि कपडे धुवायचा दगड. अप्पा दगडावर बसलेत, तिच्याकडे पाठ करून. एक गाल फुगलेला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे, नेहमीच्याच जागी. तोच राग तळपायातून वर चढतो.

"मेल्यावरसुद्धा सोडली नाही ना तंबाखू?"

ते हात हलवतात. पण या वेळी खिडकीला गज नाहीत, भिंतही नाही. दोन पावलं टाकली की ती त्यांच्यासमोर येते. ही दोन पावलं तिने जिवंतपणी कधी टाकली नव्हती. त्यांच्या पायाशी रावसाहेब बसलाय. मान वर करून तो त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून बघतोय.

अप्पा तोंडातला घास हातावर घेतात. भाकरी आहे. चावून चावून लगदा झालेली भाकरी. ते तळहात पुढे करतात आणि रावसाहेब चाटूनपुसून खातो.

महानंदा कुत्र्याजवळ खाली बसते.

"त्याला दात नाहीत," अप्पा म्हणतात.

"मी भिजवून दिली होती. दुधात कुस्करून दिली होती."

"भिजवलेलं खात नाही तो. कुणीतरी कधीतरी खाण्यातून काहीतरी घातलंय त्याला. माणूस आधी स्वतः खाताना दिसला, तरच त्याचा विश्वास बसतो. कोंडवाड्यात पंधरा दिवस लागले मला हे कळायला."

"मग मला का नाही सांगितलं?"

अप्पा हसतात. पुढचा पडलेला दात तसाच आहे. "तुला? चहाचा कप दुसऱ्यानं तोंडाला लावला तर राखेनं घासणारी तू. माणसाचं उष्टं कुत्र्याला, नि तो हात परत घरातल्या भाकरीला! त्याच दिवशी रावसाहेबाला बाहेर काढलं असतंस."

"आणि तंबाखू खाता असं मला वाटलं, ते चाललं तुम्हाला?"

"वाटलं, आठ दिवस रुसशील. मग बोलशील."

ते सहज बोलून जातात. त्यात टोमणा नाही. टोमणा असता तर तिने उलट उत्तर तरी दिलं असतं. तिच्या काळजाला ते वाक्य लागतं आणि तिथेच रुतून बसतं. आठ दिवस. नववा दिवसही गेला होता, आणि ती बोलली नव्हती.

"अंधार पडायच्या आत टाकीवर जायचंय," अप्पा म्हणतात. "आता त्याला घास तू चार."

"मला नाही जमायचं."

"मला तरी कुठं जमत होतं?"

ते मांडीवरच्या भाकरीचा तुकडा मोडतात. तिला वाटतं कुत्र्यासाठीच असेल. पण ते हात तिच्याकडे करतात, तिच्या ओठांपर्यंत. लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन भरवला होता तेवढाच. त्यानंतर बेचाळीस वर्षांत त्यांनी तिला घास भरवलेला नाही, आणि तिनेही कधी मागितला नाही. ती तोंड उघडते. त्यांच्या बोटांना लोखंडाचा आणि ओल्या मातीचा वास आहे.

"जेवलीस का?" ते विचारतात.

आता सांगायचं. चुकलं माझं, एवढंच सांगायचं. दोन शब्द आहेत. नऊ दिवस आणि वर तेवीस दिवस ते घशात अडकलेत. पण तोंड घासाने भरलंय आणि शब्द बाहेर पडत नाही. ती घाईघाईने चावते. जितकी चावते तितका घास वाढतो. गाल फुगतो. ती हात हलवते, थांबा, थांबा म्हणून.

अप्पा तिच्या हलणाऱ्या हाताकडे बघतात आणि डोळ्यांतून हसतात. "असू दे," ते म्हणतात. "मला कळतंय. मीसुद्धा असाच हात हलवायचो."

ते उठतात, चावी खांद्यावर घेतात. कुठेतरी नळ बंद होतो.

महानंदाला जाग येते. डोळे उघडायच्या आधी तिला तोंडातली चव कळते. गोड. झोपेत तिचा जबडा हलत राहिलाय आणि गालातल्या ज्वारीच्या घासाचा मऊ, गोड लगदा झालाय. ती डोळे उघडते. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक राखाडी नाक आहे. रावसाहेब उंबरा सोडून आत आलाय. चार दिवस ज्याला उठवत नव्हतं, तो चटईच्या कडेला चारी पायांवर थरथरत उभा आहे आणि तिच्या जबड्याकडे बघतोय.

ती बसते. क्षणभर तिचा हात अडखळतो, साठ वर्षांचं सोवळं असं एका झोपेत जात नाही. मग ती ओंजळ तोंडाखाली धरते, घास हातावर घेते आणि हात पुढे करते.

रावसाहेब हुंगतो. तिच्याकडे बघतो. पुन्हा हुंगतो. आणि मग त्याची कोरडी, खरखरीत जीभ तिच्या तळहाताला लागते. तो शेवटचा कण संपवतो आणि बोटंही चाटतो.

"चुकलं माझं," महानंदा म्हणते. आता तोंड रिकामं आहे आणि शब्द नीट निघतात. ऐकायला फक्त कुत्रा आहे. ती मोठ्याने रडते. तेवीस दिवसांत अशी ती एकदाही रडलेली नाही. लोक आले, गेले, ती कोरड्या डोळ्यांनी चहा देत राहिली होती.

रावसाहेब हललेला नाही. तो ताटाकडे बघत नाही, तिच्या तोंडाकडे बघतोय.

ती पदराने नाक पुसते, उशाजवळचं ताट ओढते आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडते. तोंडात घालते. त्याला दिसेल असं चावू लागते.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज येतो. ऊन उतरलंय. फाटक वाजतं, अंगणात चपला वाजतात आणि गफूर मुकादम दारात येऊन उभा राहतो. हातात दोरी आहे. मान खाली आहे.

"भाभी, आलो बगा. कुठाय आमचा रावसाहेब?"

महानंदा त्याच्याकडे वळते. एक गाल फुगलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं. तिला बोलता येत नाही. ती एक हात कुत्र्याच्या मानेवर ठेवते आणि दुसरा जोरजोरात हलवते. नाही. नाही.

मुकादम तिच्या गालाकडे बघत राहतो. मग हातातली दोरी गुंडाळून खिशात घालतो आणि पायरीवर बसतो.

"अप्पाबी असेच बसायचे, पिंजऱ्याजवळ," तो म्हणतो. "कुणी कायबी विचारलं तरी बोलायचे नाहीत. घाई नाही भाभी. आधी चावून घ्या."

महानंदा चावत राहते.