चार काट्यांचा जीव

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझं ब्लडप्रेशरसुद्धा माझ्याआधी कळतं. तुम्हाला सांगतो — पण कुठून सुरू करू?

मी जालन्याच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. रेडिओलॅरिया म्हणजे समुद्रातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. ते मेले तरी त्यांचे काचेसारखे सांगाडे दगडात टिकतात. लडाखहून मी ज्युरासिक काळातला एक लाल दगड आणला होता. तसला दगड आम्लात विरघळवला की तळाशी चिमूटभर भुकटी उरते, आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं तिच्यातला एकेक सांगाडा उचलायचा असतो. त्यात मला नवी प्रजाती सापडली. वर्तमानपत्रात फोटो आला, सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. सगळं बराबर — फक्त 'मला' हा शब्द सोडून.

कुंचला देवकामावशींच्या हातात होता. त्या आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या, टेबलं पुसायच्या. त्याआधी जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानात डाळ निवडायच्या, नजर पक्की. माझी मान अवघडली की मी त्यांनाच मायक्रोस्कोपवर बसवायचो. एकदा म्हणाल्या, "सर, ह्याला चार काटे हायेत. बाकीच्यायला तीनच."

"दुसऱ्याचा तुकडा चिकटला असेल, मावशी," मी न बघताच म्हणालो. त्यांनी तसले अकरा निवडून वेगळे ठेवले. अकरा जणांना तुकडा कसा चिकटेल?

मग मी लिहायला बसलो. 'लेखकाला आढळले' असं लिहिताना हात जराही अडखळला नाही. नव्या प्रजातीच्या नावाची जागा आली तेव्हा मात्र — खरं सांगतो — आधी मावशींचंच नाव टाकलं होतं. दोन दिवस ठेवलं. मग वाटलं, लोक विचारतील, ही देवका कोण? आणि मला सांगावं लागेल. खोडलं. आमच्या क्षेत्रात प्रजातीला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, लाज म्हणून. मी गावाचं दिलं, शहागडचं. माझं आडनाव शहागडकर! हसा, तेव्हा मीही हसलो होतो.

इथपर्यंत लबाडी म्हणा. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

सत्काराच्या दिवशी मावशींनी स्वतःहून पेढे आणले, सगळ्यांना वाटले. एक माझ्या हातावर ठेवून विचारलं, "सर, तो चार काट्यांचाच ना?"

काय अवघड होतं 'हो' म्हणायला? मी म्हणालो — "नाही मावशी, तो वेगळा."

"असंल. मंग त्याला बी नाव द्या कव्हातरी. लई देखणा व्हता." आणि हसत पुढच्याला पेढा द्यायला गेल्या. मी माझा पेढा खाल्ला. चांगला होता.

निवृत्त होऊन त्या पिंपळगाव रेणुकाईला गेल्या. दसऱ्याला फोन येतो. ख्यालीखुशाली झाली की विचारतात, "दिलं का नाव त्याला?"

एकदा छापलेलं नाव आमच्या शास्त्रात असं मनात आलं म्हणून बदलता येत नाही. ते माझंच राहणार. मी दर वेळी म्हणतो, "बघू, मावशी."