पंख्यांचे आवाज जमवणारे काका

बिघडलेल्या पंख्याचा आवाज कानावर पडला की ज्याचा चेहरा खुलतो, असा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच होता आणि तो नेमका आर. के. पुरममध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. काका एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात पंखे, कूलर, मिक्सर यांच्या मोटारी दुरुस्त करायला शिकवायचे. "पुस्तकात 'घरघर' असं छापलंय, ताई. त्यावरून काय कळणार? ऐकवायला नको?" असं म्हणत ते जिथे जातील तिथे आजारी यंत्रांचे आवाज फोनवर घेत फिरायचे. भाचीच्या लग्नात सगळे बँडसमोर नाचत होते, तेव्हा काका मांडवामागे जनरेटरपाशी फोन धरून उभे होते. एकदा सकाळी सकाळी धावत वर आले. "ताई, तुमचा मिक्सर फार सुंदर बिघडलाय! दुरुस्त करू नका, आधी त्याचा आवाज फोनवर घेऊन ठेवतो." माझी चटणी अर्धवट राहिली. काकू म्हणायच्या, "यांच्या फोनमध्ये माझा एकच फोटो आहे. तोही मागे कूलर आहे म्हणून." पण हेच आवाज त्यांच्या वर्गातली पोरं मेट्रोत कानाला लावून ऐकायची आणि परीक्षेत झटकन दोष सांगायची. काकांना त्याचा फार अभिमान होता.

मग त्यांच्या वर्गात फरीदा आली. जवळच्याच मुनिरक्यात राहणारी, तिशीतली, जन्मापासून ऐकू न येणारी. केंद्राचे साहेब म्हणाले, "इन्हें सिलाई में भेज दीजिए, यह काम तो कान का है।" काकांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली खरी, पण घरी येऊन जेवलेच नाहीत. इतक्या वर्षांचे जमवलेले आवाज, आणि या एका बाईला त्यातला एकही उपयोगाचा नाही!

रविवारी त्यांनी मला मिक्सरसकट खाली बोलावलं. मोटारीवर स्टीलची ताटली ठेवून तिच्यात काकूंचा रवा पसरला होता. ताटलीचं चित्रण करायला फोन रबरबँडने स्टुलाला उलटा बांधलेला. चांगली मोटार चालू केली की रवा संथ थरथरायचा. माझ्या बिघडलेल्या मिक्सरने मात्र तो एका कडेला पळवला. "दिसतोय बघा आवाज!" काका ओरडले. दिवसभर त्यांनी एकेका दोषाचा व्हिडिओ केला. घरभर रवा झाला. काकूंनी स्वतःच रव्याचा दुसरा डबा काढून दिला.

सोमवारी फरीदाने ते सगळे व्हिडिओ नीट पाहिले. मग वर्गातल्या एका मोटारीवरची ताटली उचलून बाजूला ठेवली, तळहात टेकवला आणि फोनवर लिहिलं, "पीछे वाली बेयरिंग।" काकांनी मोटार उघडली. मागचं बेअरिंगच गेलं होतं.

"ताई, आवाज हातालाही कळतो, हे मला कळायला वीस वर्षं लागली," संध्याकाळी ते जिन्यातच सांगत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. शिलाईचा विषय तिथेच संपला. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, कसं ओळखलंस? तर तिने त्यांचाच हात धरून मोटारीवर ठेवला. पास झाली, आणि आज एका दुरुस्तीच्या कारखान्यात सगळे अडलेली मोटार तिच्याकडे नेतात.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. सरकारी घर सोडून अमरावतीला निघाले, त्या दिवशी फरीदा रजा काढून आली. मी आणि काकू वर गॅलरीत उभ्या होतो. खाली दोघं हातांनी बोलत होते. मी चकित होऊन काकूंकडे पाहिलं. "तिच्याकडूनच शिकले," काकू म्हणाल्या, "मला सगळं कळतं, घरी माझ्यावरच सराव करायचे. अजून चुकतात मात्र." तेवढ्यात काकांनी काहीतरी खूण केली आणि फरीदाने हसत मान हलवून त्यांची बोटं धरून सरळ केली.

"आता काय चुकलं?" मी विचारलं.

"हे तिला गुरुजी म्हणताहेत. तिला वाटतंय, यांना विद्यार्थिनी म्हणायचंय."

काकांनी हळूच आपली बोटं सोडवून घेतली आणि तीच खूण पुन्हा केली. या वेळी ती हसली नाही. सामान भरलेला ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. काकांना मात्र कसलीच घाई नव्हती.