पीटरभाऊ, बसा ना

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचतोय, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे अनुभव वाचून हसलोय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडली... मी म्हणायचो, आधी गाडीची सर्व्हिसिंग करा. मी वसईचा, कुपारी ख्रिस्ती, टोरांटोजवळच्या वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये शिफ्ट सुपरवायझर. दिवसभर फोर्कलिफ्टवाल्यांवर ओरडणं हे माझं काम. भुतांना घाबरायला वेळ कुणाला होता? तरी आज लिहायला बसलोय, कारण जे झालं ते मी एकट्याने ऐकलेलं नाही.

आणखी एक. हा अनुभव टोरांटोतल्या एका गे सॉनात सुरू होतो. मी गे आहे. ज्यांना हे झेपत नसेल त्यांनी सरळ दुसरा अनुभव वाचायला घ्यावा, खाली कमेंटमध्ये मला प्रवचन देऊ नये. माझं डोकं लवकर फिरतं.

तर — डाउनटाउनमधली जुनी विटांची इमारत, बाहेर मोठी पाटी नाही. काउंटरवर फोन आणि पाकीट जमा करायचं, टॉवेल आणि इलॅस्टिकला बांधलेली किल्ली घ्यायची, ती मनगटात घालायची. वर छोट्या खोल्या, खाली बेसमेंटमध्ये गरम पाण्याचं टाकं आणि स्टीम रूम. तुम्हाला वाटतं तिथे नुसता धिंगाणा चालतो. चालतो तोही, नाही कशाला म्हणू! पण रविवारी दुपारी निम्मे लोक टॉवेल गुंडाळून नुसते गप्पा मारत बसलेले असतात. बाहेर उणे वीस, घरी कुणी वाट बघणारं नाही, मग माणसाने जायचं कुठे?

तिथला एक न लिहिलेला नियम मात्र सगळे पाळतात. आत कुणी ओळखीचा दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, नाव घ्यायचं नाही. आणि बाहेर भेटला, अगदी त्याच्या बायकोसोबत भेटला, तरी तुम्ही त्याला तिथे कधी पाहिलेलंच नाही. या एका नियमावर किती जणांचे संसार उभे आहेत, देव जाणे.

माझा मित्र सायमन आणि मी तिथे जायचो. आमच्यात तसलं काही नव्हतं, आधीच स्पष्ट करतो. तो आमच्याच बाजूच्या गावचा, ब्रॅम्पटनला एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. आईला फोनवर सांगायचा, "चर्चला चाललोय." खोटं नव्हतं, सॉनाच्या रस्त्याचं नावच चर्च स्ट्रीट आहे. स्टीम रूमच्या वरच्या बाकावर बसून आम्ही आमच्या कुपारी बोलीत बडबडत राहायचो... कुणाच्या घरी लग्न आहे, इथल्या फ्रोझन बोंबलांना चव का नाही, असलं काहीबाही. सायमनचा आवाज भारी होता, घुमायचा. चर्चमध्ये महिन्यातून एकदा होणाऱ्या आमच्या मराठी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, तो कीबोर्ड वाजवायचा आणि लहान मुलांना गाणी शिकवायचा.

एका रविवारी वाफेचं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळून पीटरभाऊ आत आले.

पीटरभाऊ म्हणजे आमच्या मराठी मिस्साच्या ग्रुपचे सर्वेसर्वा. बायबलचं वाचन त्यांचं, भाषण त्यांचं, पिकनिकची बसही तेच ठरवणार. मोठं घर, बायको, युनिव्हर्सिटीत जाणारी दोन मुलं. मी मान फिरवून भिंतीकडे बघायला लागलो, नियमाप्रमाणे. पण सायमन पडला आमच्याकडच्या वळणाचा. दारात वडीलधारा माणूस उभा आहे आणि आपण बसून राहायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. तो सरकला आणि आमच्या बोलीत म्हणाला, "पीटरभाऊ, बसा ना. जागा आहे."

एवढंच. आदराने बोलला बिचारा. पीटरभाऊ आल्या पावली मागे फिरले.

मी सायमनला तिथेच झापला. "अरे गाढवा, नाव कशाला घेतलंस?" तो म्हणाला, "आपल्याला कुठे कुणाला सांगायचंय? मी उद्या समजावतो त्यांना." त्याला वाटलं, आपल्यातलाच एक निघाला, आता तर अजून जवळचा झाला.

पीटरभाऊंनी उद्याची वाट बघितली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी वसईला सायमनच्या आईला फोन लावला... काळजीपोटी, बरं का! "तुमचा मुलगा नको त्या जागी जातो असं आमच्या कानावर आलंय." मग मिस्साच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, नाव न घेता, पण शेंबड्या पोरालाही कळेल असा, की आपल्या मुलांना कुणाच्या हाती सोपवतो ते पालकांनी तपासावं. पुढच्या मिस्साला कीबोर्डवर दुसरी मुलगी बसली होती. ज्यांच्या पोरांना सायमनने सारेगम शिकवलं, त्या बायका त्याला बघून पोरांना जवळ ओढत होत्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं. आणि आई, जी रोज सकाळी त्याला फोन करायची, तिने फोन उचलणंच बंद केलं.

मी त्याला म्हणायचो, तूही सांग ना सगळ्यांना, पीटर तिथे काय करत होता ते. तो नाही म्हणायचा. "त्यांच्या बायकोचा काय दोष?"

२०१७ च्या त्या हिवाळ्यात एका सकाळी घरमालकाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना सायमन तिथेच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हणतो, पीटर. तुम्हाला हा अतिरेक वाटेल, वाटू दे. आईला कळवलं तेव्हा ती म्हणाली, तिकडेच पुरा. गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्या नावाची मिस्साही ठेवायला ती तयार होईना.

आणि फ्यूनरल होममध्ये रोझरीची प्रार्थना कुणी सांगितली असेल? पीटरभाऊंनी. काळा सूट, डोळ्याला रुमाल. "सायमन आपल्या सगळ्यांचा लाडका होता." मी मागे उभा राहून दात आवळत होतो. शवपेटी समोर नसती तर मी त्या माणसाचा तिथेच गळा धरला असता.

तो सॉनात जातो याचा मला राग नव्हता, मीही जातो. त्याने स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याची सोलली, याचा राग होता. मी ठरवलं, याला उघडा पाडायचा. फोटो काढायचा आणि त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. सायमन गेल्यावर तो निर्धास्त होऊन परत यायला लागला होता, हे मला माहीत होतं. रस्त्यावर त्याची गाडी दिसायची. मी काउंटरवर जुना फोन जमा केला आणि चांगला फोन टॉवेलात लपवून आत नेला. नियम गेला खड्ड्यात.

रविवारची दुपार. स्टीम रूममध्ये खालच्या बाकाच्या कोपऱ्यात मी बसलो. समोर एक म्हातारा गोरा, रोजचा. वरचा बाक रिकामा होता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण आत शिरल्या शिरल्या माझी नजर आधी तिथेच गेली होती. तिथे बसायची माझी हिंमत झाली नाही. दार उघडलं, पीटरभाऊ आत आले. मी टॉवेलात हात घातला.

आणि वरून आवाज आला, आमच्या बोलीत. "पीटरभाऊ, बसा ना. जागा आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या वाफेत, त्या उकाड्यात! तोच घुमणारा आवाज, तोच आदर... पीटरभाऊ मागे सरले, घसरले, कोपर फोडून घेतलं आणि तसेच बाहेर पळाले. मी वर पाहिलं. ओल्या फरशा, बाकी काही नाही. म्हातारा वैतागून मला म्हणाला, "तुमचा तो दुसरा मित्र कुठे गेला?"

फोन वाफेने बंद पडला होता. फोटो राहिलाच.

लॉकरपाशी पीटरभाऊंनी मला गाठलं. "तुझे हे चाळे बंद कर." मी म्हटलं, "माझा आवाज ओळखता ना तुम्ही?" माझा आवाज चिरका आहे, चर्चमध्ये गायला लागलो की पोरं हसतात. ते कोट हातात घेऊनच बाहेर पडले.

आता पुढचं.

त्यानंतरच्या मराठी मिस्साला मी मुद्दाम पीटरभाऊंच्या बायकोच्या, वहिनींच्या, शेजारी बसलो. फोटो नाही तर नाही, मिस्सा संपली की त्यांना तोंडानेच सांगायचं, हे ठरवून गेलो होतो. सायमनला चाललं नसतं. पण सायमनचं ऐकून काय झालं ते मी बघितलं होतं.

पीटरभाऊ माइकपाशी गेले, वाचन सुरू केलं. दोन-तीन ओळी झाल्या असतील. मागून, कीबोर्डच्या बाजूने, स्वच्छ आवाज आला. "पीटरभाऊ, बसा ना. जागा आहे."

माना वळल्या. एक-दोन नाही, मागच्या सगळ्या रांगा वळल्या. कीबोर्डवरची मुलगी उठून उभी राहिली. तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

पीटरभाऊ पुस्तक सोडून त्या दिशेने बघत होते. मग बोलायला लागले, माइकमध्ये, सगळ्या देवळासमोर. "सायमन, मी तिथे कुणाचं काय वाईट केलं? तूही टॉवेलवर, मीही टॉवेलवर... तू का नाव घेतलंस माझं? तुझ्या आईला मी सांगितलं नसतं तर तू माझ्या बायकोला सांगितलं असतंस."

फादर धावत गेले, माइक बंद केला. तोवर सगळं बोलून झालं होतं. एक पोरगा आईला विचारत होता, "हू इज ही टॉकिंग टू?" आणि आई त्याचं तोंड दाबत होती. वहिनींनी पर्समधून गाडीची किल्ली काढली, उठल्या आणि बाहेर पडल्या. मला काही सांगावंच लागलं नाही.

मला कसं वाटलं? बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्या चर्चमध्ये बसून मी पोटभर बघितला तो माणूस, रेलिंगला धरून उभा, आणि शेजारी जायला कुणी तयार नाही. ज्या बायकांनी पोरं ओढून घेतली होती त्या आता एकमेकींचे डोळे चुकवत होत्या. बघा म्हटलं, नीट बघा. पुढे पीटरभाऊ विनिपेगला भावाकडे गेले. ते तिकडून परत आलेले नाहीत.

वहिनींनी नंतर मला फोन केला होता. एकच विचारलं, "तो आवाज तुम्हीही ऐकलात ना?" मी हो म्हणालो. फादर म्हणतात त्यांनी काहीच ऐकलं नाही, माणूस मनाने खचला की असं होतं. असेल. पण मग माना का वळल्या? आणि टोरांटोतल्या त्या म्हाताऱ्याला, ज्याला कुपारी म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला कसला दुसरा मित्र ऐकू आला? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर द्या. माझ्याकडे नाही.

मिस्साच्या ग्रुपवर सायमनसाठी माफीचे मेसेज पडले, फुलांचे, मेणबत्त्यांचे. मी ते सगळे त्याच्या आईला पाठवले, पीटर काय बोलला तेही जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. गावच्या देवळात त्याच्या नावाची मिस्सा अजून झालेली नाही.

मी आता रविवारी वरच्या बाकावर बसतो. शेजारी जागा ठेवतो, आमच्या बोलीत हळूच हाक मारतो. म्हातारा बघतो माझ्याकडे, बघू दे. ज्याने त्याला मारलं त्याच्याशी सायमन दोनदा बोलला. माझ्याशी एकदाही नाही.