शर्टाच्या आतली

छपाईवाल्यांच्या धाकटीला सगळी गल्ली नमुना म्हणायची. ती व्रात्य होती अशातला भाग नाही. उलट तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. हे नाव पडलं ते तिच्या बापाच्या एका खोडीमुळे. त्या माणसाचा फळीवरच्या शर्टावर काडीचा विश्वास नव्हता. फळीवर सगळं सरळच दिसतं, तो म्हणायचा, अंगावर चढलं की खरं काय ते कळतं. म्हणून कुठलंही काम येवो, पहिला शर्ट छापायचा, सुकवायचा आणि धाकटीच्या गळ्यात घालायचा. दिवसभर तिने त्यात बसायचं, वाकायचं, पळायचं, घाम काढायचा. दुसऱ्या दिवशी आई तो धुणार, बाप उजेडात धरून पाहणार, आणि रंग जागचा हलला नसेल तरच बाकीचे छापणार.

थोरल्या भावावर ही पाळी का येत नसे? एक तर ओले शर्ट फळीवरून उचलून तारेवर टाकायचं काम त्याचं, त्यामुळे हात कोपरापर्यंत शाईने बरबटलेले. शिवाय त्याने एकदा बापाला तोंडावर सांगितलं होतं, "मी माणूस आहे, हँगर नाही." नमुनाला हे वाक्य वेळेवर सुचलं नाही, एवढाच काय तो दोघांतला फरक.

तर ही पोरगी सोमवारी पाण्याच्या टाक्या साफ करून द्यायची, मंगळवारी फुटबॉलची गोलरक्षक असायची, आणि बुधवारी तिच्या पोटावर कुणाचं तरी नवंकोरं जोडपं हसत बसलेलं असायचं. वाणी गल्ल्यावरून विचारायचा, "काय गं, आज कोण?" ती छाती पुढे करून दाखवायची. घरातही तीच तऱ्हा. सकाळी बाप तिच्याकडे अगदी मन लावून पाहायचा, म्हणजे गळ्याच्या खाली आणि पोटाच्या वर. आई ताट वाढताना म्हणायची, "निळा जरा फिकट आलाय." दादा म्हणायचा, "डावीकडे कललाय." त्यावर नमुना सरळ उभी राहायची.

एका भर दुपारी चार घरं पलीकडचं एक जोडपं कारखान्यात आलं. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली, पण पाटी लावल्यापासून आई तिला कारखाना म्हणत असे. आलेल्यांपैकी नवरा बोलत होता. बायको हातातला फोटो सोडायला तयार नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष पुरं होईल त्या दिवशी सगळे नातेवाईक तिचा चेहरा छातीवर लावून तिच्या आवडत्या बागेपर्यंत चालत जाणार होते. तीस शर्ट हवे होते. शेवटी नवऱ्याने बायकोची बोटं एकेक करून सोडवली आणि फोटो बापाच्या हाती आला.

फोटो शर्टावर उतरवायचा तर त्याचे ठिपके करावे लागतात. जवळून पाहिलं तर मुंग्या सांडल्यासारखं दिसतं. दहा पावलं मागे सरकलं की चेहरा उमटतो. रिवाजाप्रमाणे पहिला शर्ट नमुनाच्या अंगात गेला. तिने मान खाली घालून पाहिलं, तिला मुंग्याच दिसल्या. मग ती वाण्याकडे साबण आणायला गेली.

वाण्याने त्या दिवशी आज कोण म्हणून विचारलं नाही. साबण पुढे करून तो हळूच म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी आलीस." मागच्या गल्लीत तीन मुली दोरीवर उड्या मारत होत्या. या मुलींनी नमुनाला कधी जवळ उभं केलं नव्हतं. तिला पाहून फिरणारी दोरी थांबली. दोघींनी ती जमिनीपासून वीतभर उचलून धरली आणि तिसरी म्हणाली, "ये ना, तुझा डाव राहिलाय." नमुना खेळली. खोटं कशाला बोलायचं, तिला फार मजा आली. फक्त घरी येताना तिच्या लक्षात आलं, की तासभरात एकीनेही तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शर्ट धुतला. रंग उतरला नाही. उलट काल राखाडी असलेले गाल आज भरल्यासारखे दिसू लागले. बाप म्हणाला, "शाई काय बसलीय बघ." आईने तो शर्ट बाकीच्या कपड्यांपासून लांब वाळत टाकला.

मुलीची आई नमुना बघायला आली, तेव्हा शर्ट पुन्हा धाकटीच्या अंगात होता. बाई रडेल म्हणून दादाने आधीच पाण्याचा पेला भरून ठेवला होता. बाई रडली नाही. गुडघ्यावर बसून तिने शर्टाची गळपट्टी सारखी केली आणि छातीकडे पाहत म्हणाली, "उन्हात नको गं हिंडू." मग बापाला म्हणाली, "आणखी एक दिवस राहू द्या तिच्या अंगात. उद्या चार वाजता माझ्याकडे पाठवा."

एकाचे दोन दिवस झाले, दोनाचे आठ. बाप कठोर नव्हता. दुखावलेल्या बाईला नाही म्हणणं त्याला जमेना, आणि चार घरं पलीकडे तर जायचं होतं. नमुना रोज चारला जायची. बाई दूध द्यायची, बिस्किटं द्यायची, खुर्ची पुढे ओढायची. खुर्चीखाली चपलांचा जोड होता. नमुनाने पाय घालून पाहिले, जोड बरोबर बसला. बाई खूप बोलायची: शाळेचं, मैत्रिणींचं, तापाच्या दिवसांचं. नमुनाने "काकू, मला कसलाच ताप नव्हता" असं म्हटलं, की बाई तेवढ्यापुरती गप्प होऊन मान तिरकी करायची, शेजारच्या घरात कुणी बोलतंय असं वाटून कानोसा घ्यावा तशी. नमुना गप्प झाली की पुन्हा हसून विचारायची, "हो ना गं?"

सहाव्या का सातव्या दिवशी नमुनाने शर्ट उलटा घातला, चेहरा पाठीवर. म्हटलं, आता तरी वर बघेल. बाईने दार उघडलं, पुढ्यातल्या कोऱ्या कापडाकडे क्षणभर पाहिलं, आणि मुकाट्याने वळसा घालून तिच्या मागे जाऊन बसली. तासभर मागूनच बोलत होती. नमुना समोरच्या भिंतीकडे पाहत दूध प्यायली. पाठीवर कुणीतरी हळूहळू हात फिरवत होतं. मध्येच बाई म्हणाली, "थंडी वाजतेय का गं?" नमुनाला थंडी वाजत नव्हती. पण तिच्याच गळ्यातून "हो" असं आलं.

त्या संध्याकाळी ती धावत घरी आली. आई भाकऱ्या भाजत होती. "आलीस? हात धू," आई म्हणाली, आणि म्हणताना तिची नजर नेहमीच्या जागी होती. नमुना बाजूला सरकली. आईची नजर शर्टाबरोबर सरकली. आजवर हे हजार वेळा झालं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतःच कारखान्यात आली. म्हणाली, "शाळेला सुट्टी लागलीच आहे. महिनाभर तिला माझ्याकडेच राहू द्या."

बाप गडबडला. "अहो, शर्ट न्या ना तो. तुमचाच आहे."

"रिकामा शर्ट नेऊन काय करू?" बाई अगदी समजुतीने म्हणाली. "आत कुणीतरी लागतं ना."

बापाने आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे. मग बाप म्हणाला, "बघू. सुट्टीच आहे म्हणा. उद्या सकाळी सांगतो." आणि त्याच्या बघूचा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता. मोडता घालायचा असता तर तो सरळ "नाही" म्हणाला असता; "बघू" म्हणजे हो.

सकाळी बापाने ते तीस शर्ट छापायला घेतले. जाळीची चौकट फळीवर टेकवायची, शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, चौकट उचलायची. चेहरा, दुसरा चेहरा, तिसरा. दादा उचलून तारेवर टाकत होता. डोक्यावर मुलीच मुली वाळत होत्या. अकरावा चालू असताना नमुना दारात येऊन उभी राहिली. शर्ट तिच्या हातात होता. अंगात जुना, बिनछापाचा झगा.

"घाल की," बाप म्हणाला. "काकू येतीलच."

"मी आत जाणार नाही."

"आत कुठे? चार घरं टाकून जायचंय."

"शर्टाच्या आत," ती म्हणाली.

बापाने सवयीने तिच्या छातीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. नजर टेकायला जागा मिळेना, तेव्हा ती चाचपडत वर गेली, हनुवटीवर, नाकावर, आणि डाव्या भुवईपाशी अडली. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने खांद्यावरचं ओलं फडकं घेतलं, पुढे होऊन तिची हनुवटी धरली आणि भुवईच्या वरचा काळा ठिपका पुसू लागला.

"शाई उडाली वाटतं. निघत नाही."

"साबण लाव," आई आतून म्हणाली.

"बाबा, तो तीळ आहे," नमुना म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

फडकं तिच्या कपाळावरच राहिलं. आई दारात आली आणि तीही पाहू लागली. तिचे ओठ नुसते हलले. दादा तारेखाली हात वर करून तसाच उभा. रस्त्यावर चपलांचा आवाज झाला, दारावर टकटक झाली, आणि बाहेरून बाईचा गोड आवाज आला, "झाली का गं तयार?"

बापाने मान वळवली नाही. "जा रे," तो थोरल्याला म्हणाला, "सांग काकूंना. शर्ट तीसच्या तीस पोचते करतो. आतलं माणूस मिळणार नाही म्हणावं."

दादा गेला. चपला लगेच परत फिरल्या नाहीत. बाप लेकीसमोर उकिडवा बसला आणि छापाआधी जाळी निरखावी तसा तिचा चेहरा निरखू लागला, ठिपका न् ठिपका. चौकटीत शाई ओली असताना हात थांबवायचा नाही, नाहीतर जाळी बुजते, हे तो पोरांना उठता बसता सांगायचा. त्या सकाळी फळीवर चौकट तशीच पडून राहिली, आणि तिच्यातल्या चेहऱ्याचे बारीक ठिपके आधी बुजले, मग मोठे.