परतफेडीचा दिवस

"चुलीवर भांडं नाही आणि शंख फुंकलास?" माझा भाऊ अझोर हे तिसऱ्यांदा विचारत होता. "लोकांनी खायचं काय, तुझं भाषण?"

"जेवायला बोलावलंच नव्हतं," झेफिरीनवहिनी म्हणाली. "गोऱ्यांच्या छावणीवर चालून जायला बोलावलं होतं."

"त्यांना कसं कळणार? शंख तोच, फुंकणारी तूच."

चूक खरीच वहिनीची होती. आमच्या डोंगरावर शंख वाजला की शेजारीपाजारी कुदळी घेऊन फुंकणाऱ्याच्या शेतात राबायला येतात आणि दुपारी त्याच्याच घरी जेवतात; राबलेला दिवस तो पुढे त्यांच्या शेतात राबून फेडतो. त्या सकाळीही माणसं कमरेला वाडगी बांधून, गाणी म्हणत आली. नेमके गोरे शिपाई रस्त्यावर उभे. त्यांच्यादेखत बोलायचं काय? वहिनीने निमूटपणे कोनफळांची खुरपणी करून घेतली. दुपार झाली, चूल थंड. लोक रिकामी वाडगी घेऊन परत गेले. जाताना बाझीलकाका तेवढं म्हणाले, "सूनबाई, आज उपास होता होय?"

"शिपाई तरी फसले," मी म्हणाले. "खुरपणी बघून निघून गेले."

"शिपाई फसले आणि गाव उपाशी," आई म्हणाली. "छान लढाई."

वहिनी आमच्या सां-दोमांग वसाहतीच्या उत्तरेकडच्या मैदानात, गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून वाढली. घाण्यात ऊस घालताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मालकाने तिला कोंबड्या राखायला लावलं. पुढे गुलामांनी बंड करून मैदान पेटवलं, गुलामी उठली आणि ही एक कुदळ घेऊन एकटीच डोंगर चढून आली. ओळखीचं कुणी नव्हतं. न बोलावता दुसऱ्यांच्या शेतात राबायला जायची. अझोरशी लग्न झाल्यावरही, पोटुशी असतानाही, शंख ऐकला की निघायची. काम नीट वाटून द्यायची, कुणाची बाजू घ्यायची नाही, म्हणून हळूहळू लोक तिचं ऐकायला लागले. कॅप्टन म्हणायला लागले ते फार नंतर.

आता गोरे फ्रान्सहून फौज घेऊन परत आले होते आणि घराघरातून बंदुका गोळा करत होते. ग्वादलूप या त्यांच्या दुसऱ्या बेटावर गुलामी पुन्हा सुरू झाली, ही बातमी खलाशांनी बाजारात आणली होती. आमच्या बंदुका नदीकाठच्या छावणीत पडून होत्या. रविवारी त्या जहाजावर चढणार होत्या. त्यानंतर आमचं काय होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"आता पुन्हा फुंकलास तर कुत्रंही यायचं नाही," अझोर म्हणाला.

वहिनी केळी सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "बाझीलकाकांच्या शेतात मी कधीपासून राबतेय?"

"आता ते उकरून काढणार?"

"काढणार. या डोंगरावरच्या प्रत्येक घराकडे माझा परतफेडीचा एक दिवस आहे. मी दारात जाऊन तो आजवर मागितला नाही. मागितल्यावर नाही म्हणेल असं इथे कुणी आहे?"

"तो दिवस शेतासाठी असतो."

"मागणारी नेईल त्या शेतासाठी."

"छावणी कधीपासून तुझं शेत झाली?"

"बंदुका आपल्या आहेत ना? मग पीक आपलंच."

आईला हसू आलं. तिने ते हाताआड लपवलं.

"पण वाडगी भरायला हवी होती," वहिनी म्हणाली. "तिथे मी चुकले."

"आणि आता कशाने भरशील? कोनफळं अजून अंगठ्याएवढी आहेत."

"आत्ताच काढली तर पुढे खायचं काय?" आईने विचारलं.

"आई, रविवारी बंदुका गेल्या तर ती कोनफळं आपण खाणार आहोत का?"

अझोरने दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आणि छावणीत गोळीने गाठलं तर?" तो हळूच म्हणाला.

"तर भरल्या पोटी गाठेल. घाण्यावर उपाशी मरण्यापेक्षा बरं."

वहिनीने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"मी आता दारोदार जाऊन सांगून येते. अझोर, कोनफळं सगळी खण, बेण्यालाही ठेवू नकोस. आई, मोठं पातेलं तुमच्याकडे. शनिवारी दुपारी शंख वाजेल. शिपायांना वाटेल, पुन्हा खुरपणी आहे. लोक पोटभर जेवतील आणि उठून छावणीवर जातील. पुढे मी असेन."